दीड फुटी टाकीतले चौदा

हर्षदने पंधरावा मासा द्यायला चक्क नकार दिला, तेव्हा सयाजीला आधी वाटलं की हा थट्टा करतोय. शुक्रवार होता, दुपारचे चार वाजत आले होते, महाडच्या बाजारपेठेतलं ऊन अजून उतरलं नव्हतं, आणि सयाजीने नेहमीसारखं काचेवर बोट टेकून एक लालसर गुरामी पसंत केला होता. पसंत करायला त्याने चांगली चाळीस मिनिटं घेतली होती. खरं तर मासा हे निमित्त. बायको गेल्यापासूनच्या दोन वर्षांत सयाजीला एक गोष्ट कळून चुकली होती, की एकट्या माणसाला कोणाशी बोलायचं तर काहीतरी विकत घ्यावं लागतं. भाजीवालीशी फार तर चार वाक्यं होतात, औषधवाल्याशी दोन. माशांच्या दुकानात मात्र तासभर उभं राहिलं तरी कोणी काही म्हणत नाही, कारण तिथे येणारा प्रत्येक जणच खुळ्यासारखा काचेत बघत उभा असतो. त्यात हर्षद बोलका. वय तिशीच्या आतबाहेर, दुकान त्याचंच, आणि काका-काका करत तो सयाजीला स्टूल पुढे करायचा. आज स्टूलही दिलं होतं. मग सयाजीने मोठ्या हौसेने मोबाईल काढला आणि घरच्या टाकीचा सकाळी काढलेला व्हिडिओ त्याला दाखवला.

"हे बघ. मी लाईट लावली रे लावली, की सगळे वर. एकजात. तोंड उघडून उभे राहतात. वळखतात मला."

हर्षदने व्हिडिओ पाहिला. परत पहिल्यापासून लावून पाहिला. हसला नाही.

"काका, रोज असं करतात?"

"रोज. आता तर दुपारी पन येतात. भूक लागत आसंल म्हणून दोन टायम जास्तीचं घालतो मी."

"एकूण किती आहेत आत?"

"चौदा."

"मेले किती?"

"मरतील कशाला? जीव लावलाय मी त्यांना."

हर्षदने कपाळाला हात लावला. म्हणाला, "मला वाटत होतं, आधीचे मरतायत म्हणून तुम्ही नवे नेताय. सगळी गिऱ्हाइकं तेच करतात. काका, दीड फुटी टाकी ती. छोटे सहा, डोक्यावरून पाणी सात. ते तुम्हाला भेटायला येत नाहीत वर. खाली श्वास मिळत नाही त्यांना." मग आवाज जरा खाली आणून त्याने सांगितलं की जास्तीचं खाणं तळाला कुजतं, त्याने पाणी आणखी बिघडतं, आणि सयाजीने आता एकही मासा न्यायचा नाही, उलट आठ परत आणून द्यायचे. गुरामी त्याने पुन्हा मोठ्या टाकीत सोडला. तो मासा झाडापाण्यात निघून गेला आणि सयाजी रिकाम्या हाताने दुकानाची पायरी उतरला. पायरी उतरताना हर्षद मागून काहीतरी चांगलं बोलला असावा, पण सयाजीला ऐकू आलं नाही. कानात एकच वाक्य होतं. ते तुम्हाला भेटायला येत नाहीत.

नवेनगरपर्यंतची वाट वीस मिनिटांची. वाटेत दोघांनी त्याला हात केला, त्यानेही केला. लाज वाटत होती, आणि ती कोणापुढे वाटतेय हे कळत नव्हतं. हर्षदने तर काही वावगं म्हटलं नव्हतं. पण गेले दोन महिने तो ज्या गोष्टीवर सकाळी उठत होता ती गोष्टच खोटी निघाली होती. डोळे उघडले की आधी दिवा, मग चहा. दिव्याखाली ती चौदा तोंडं उघडमीट करत वर यायची आणि सयाजी म्हणायचा, आलो रे, आलो. चहाचं आधण ठेवायलाही मग हुरूप यायचा. टाकी आली ती गणपतीत. मुलगा विनीत, सून रेश्मा आणि दोन्ही नाती घणसोलीहून पाच दिवस आली होती, तेव्हा थोरल्या सलोनीने हट्ट करून टाकी आणि त्यात दोन गोल्डफिश घेववले होते. पाच दिवसांनी माणसं गेली, मासे राहिले. दोनच मासे एवढ्या पाण्यात इकडून तिकडे फिरायचे ते त्याला बघवायचं नाही. म्हणून दोन मोली आणले. मग आणखी दोन. चार गप्पी. पंखासारखे पर पसरलेले दोन एंजल. काच चाटणारा एक सकर. शेवटी बोटाएवढा एक चंदेरी शार्क, जो मोठेपणी हातभर होतो हे हर्षदने सांगितलं होतं आणि सयाजीने कौतुकाने ऐकलं होतं. माशांना नावं ठेवण्याइतका तो बावळट नव्हता. पण नवा मासा आणला की तो त्याच्या नावाने टाकीत तांब्याभर पाणी वाढवायचा, इतकं मात्र खरं.

ही तांब्याभर पाण्याची सवय गावच्या, कापड्याच्या घरातली. त्या घरात दोन खोल्या आणि एक पडवी, आणि गणपतीत मुंबईकर आले की माणसं सतरा. आणखी कोणी वाटेवरचं आलं तर आमटीत तांब्याभर पाणी पडायचं, चुलीत लाकूड सरायचं आणि पंगतीत सगळे जरा जरा सरकायचे. किती जण आहेत हे कोणी मोजत नसे. मोजणं वाईट समजत. सयाजीचे वडील ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, आमच्या घराला दार हाय, पन कडी नाय. पोलादपूर तालुक्यात असं घर नाही, असं सयाजीला लहानपणी वाटायचं, आणि साठी उलटली तरी मनातून ते गेलं नव्हतं. घर म्हणजे भरलेलं. रिकामं असतं ते घर नव्हे, गोदाम. वीस मिनिटांच्या वाटेत त्याला ते सगळं आठवलं, भाताच्या वाफेसकट, आणि त्या वाफेत नेहमी आईचा चेहरा दिसायचा तो आज दिसेना. पंगत उठल्यावर आई कुठे असायची? त्याने आठवून पाहिलं. आई गोठ्यात असायची. दुपारची जेवणं झाली, भांडी पडली, आत माणसं गप्पांना बसली, की ती गोठ्यात जाऊन म्हशीच्या अंगाला पाठ लावून बसायची. तासतासभर. वडील हाका मारायचे, "काय गो, त्या म्हशीत काय हाय एवढं?" आणि ती तिकडूनच म्हणायची, "लई मायाळू जनावर हाय." त्यावर सगळं घर हसायचं. म्हशीवर आईचा भारी जीव, हे घरात ठरूनच गेलं होतं. पण घर रिकामं झालं की अकरा महिने ती म्हशीपाशी धार काढण्यापुरतीच जायची, हे सयाजीला पन्नास वर्षांनी, नवेनगरच्या वळणावर, एका बंद दुकानापुढे आठवलं. तो तिथे उभाच राहिला.

घरी येऊन त्याने दिवा लावला नाही. खुर्ची ओढून टाकीपुढे बसला. खिडकीतून येणाऱ्या उजेडात ते सगळे वरच होते, पाण्याच्या पातळीला तोंडं लावून. आता ते पाहवेना. इतके दिवस तो हेच बघत होता आणि त्याला त्यात माया दिसत होती, याचं त्याला नवल वाटलं, आणि राग आला, आणि राग काढायला घरात कोणी नव्हतं. एकोणतीस वर्षं त्याने एमआयडीसीतल्या एका कंपनीत बॉयलर सांभाळला होता. काटा लाल रेघेच्या जवळ गेला तर जेवण टाकून धावायचा. त्या यंत्राच्या छातीवर त्याची ताकद किती हे पत्र्यावर कोरलेलं असे. माणसांच्या, माशांच्या अंगावर असं काही कोरलेलं नसतं. नसतं म्हणून काय झालं, त्याने स्वतःलाच खडसावलं, डोळे कुठे गेले होते?

बाजूला भिंतीला टेकून बॅग होती. निम्मी भरलेली. गणपतीतून निघताना विनीत म्हणाला होता, बाबा, दिवाळी झाली की तिकडेच या आता, कायमचे. दिवाळीला त्याला सुट्टी मिळाली नाही, पण फोनवर म्हणाला, रेश्माशी बोलून येत्या रविवारी नक्की तारीख सांगतो. सयाजीने आपण होऊन कधी 'मला घेऊन जा' म्हटलं नव्हतं. तेवढा ताठा होता. 'करमत नाय रे' एवढंच म्हणायचा, पण प्रत्येक फोनला म्हणायचा. आणि आता रविवार परवावर आला होता. या रविवारसाठी तो दिवस ढकलत होता. खोली भाड्याने द्यायची म्हणून एक मास्तर बघूनही गेले होते. बॅगेत दोन सदरे, स्वेटर, बायकोचा फोटो आणि सलोनी-सेजलसाठी घेतलेल्या कोकमाच्या दोन बाटल्या होत्या. आयुष्यात त्याला आणखी काही नको होतं. त्या चौघांच्या आवाजात झोपायचं आणि त्याच आवाजात उठायचं, बस्स.

बॅगेकडे बघताना त्याला मे महिन्यातले घणसोलीचे बावीस दिवस आठवू लागले. ते तो रोजच आठवायचा, पानाचा विडा चघळावा तसे. पण आज त्यांची चव वेगळीच लागू लागली. एक खोली आणि स्वयंपाकघर. कपाट, पलंग, शिवणयंत्र, पोरींच्या सायकली. पलंग त्याला दिला होता. रेश्मा रोज पाचच्या सुमाराला पिशवी घेऊन खाली जायची. "भाजी आणते हं बाबा." तासाभराने यायची ती कोथिंबिरीची एक जुडी घेऊन. सयाजी म्हणायचा, सुनेला फिरायची आवड आहे, चांगलं आहे तब्येतीला. सलोनी अभ्यासाला जिन्यात बसायची, वह्या मांडीवर. "इथे वारा येतो, आजोबा." महाडला परत आल्यावर त्याने चार जणांना अभिमानाने सांगितलं होतं, आमची पोर जिन्यात बसून अभ्यास करते, एवढी ध्यास घेतलेली. विनीत आधी आठला यायचा, तो त्या दिवसांत साडेनऊला यायला लागला होता. कामाचा ताण. आणि आल्यावर दाराबाहेर चपला काढताना तो क्षणभर तसाच उभा राहायचा, हात कडीवर. सयाजीला पलंगावरून तेवढी फट दिसायची. त्याला वाटायचं, पोरगा दमतो. आता त्याला तो हात दिसत होता, कडीवरचा, आणि त्या हातामागचा खाली घातलेला चेहरा. कोणी त्याला कधी वाकडा शब्द बोललं नव्हतं. ताटात पहिली पोळी त्याला यायची. रेश्मा तर त्याच्या गुडघ्याला तेल लावून द्यायची. सगळे चांगले होते, आणि सगळे एकेक करून दाराशी, खिडकीशी, जिन्यात जात होते, आणि तो मधोमध पलंगावर बसून प्रत्येकाच्या जाण्याला काहीतरी गोड नाव देत होता.

शनिवारी सकाळी त्याने हर्षदला फोन करून सगळं नीट विचारून घेतलं. बादलीभर पाणी आदल्या दिवसापासून भरून ठेवलेलं होतंच, त्यातलं निम्मं चालेल का, पंप किती वेळ, जाळी कशी धरायची. मग झाकणाचा स्टीलचा मोठा डबा घेतला, तोच, ज्यात बायको गणपतीचे मोदक भरून ठेवायची. कोण राहणार आणि कोण जाणार हे हर्षदने सांगून ठेवलं होतं. शार्क आधी, तो वाढणार. सकर, तोही वाढणार. एंजल गप्पींना टोचतात, ते दोन. मोलीतले दोन. आणि गोल्डफिश दोन्ही, कारण सगळ्यांत जास्त घाण तेच करतात आणि त्यांनाच सगळ्यांत जास्त पाणी लागतं. "गोल्डफिश सलोनीचे हायत," सयाजी म्हणाला होता. "काका, टाकी तीच आहे," हर्षद एवढंच म्हणाला होता. बाकीचे सहा त्याने पटापट धरले. गोल्डफिशांपाशी हात अडला. जाळी पाण्यात धरून तो कितीतरी वेळ वाकून उभा होता, कंबर दुखायला लागली. ते दोघं पळत नव्हते. पळायला अंगात जोरच नव्हता. जाळी खाली सरकवली तर आपसूक आत आले, आणि ते आपसूक येणंच त्याला सोसेना. डब्यात सोडताना त्याने त्यांना "माफ करा रे" म्हटलं. मोठ्याने म्हटलं. घरात कोणी नसल्याचा एवढा एक फायदा.

दुकानात हर्षदने आठही मासे तपासून घेतले, एंजलच्या पराला थोडं औषध लावायचं म्हणाला, बाकी ठीक. "फोन करून सांगा मधून मधून. आणि या, काका. काही घ्यायला पाहिजे असं नाही." सयाजीने मान हलवली. त्या दिवशी तो स्टुलावर बसला नाही. घरी येऊन तळातला गाळ नळीने काढला, पाणी बदललं, चिमूटभर खाणं घातलं, चिमूटभर म्हणजे खरोखरच चिमूटभर, आणि दिवा मालवून टाकला.

रविवारी डोळे उघडल्यावर सवयीने त्याने आधी टाकीचा दिवा लावला. कोणी वर आलं नाही. चार गप्पी शेवाळाशी खेळत होत्या, दोन मोली तळाशी एकमेकांमागे फिरत होते. पाणी इतकं स्वच्छ होतं की मागची भिंत दिसत होती. त्याने काचेवर हलकेच बोट वाजवलं. एका गप्पीने वळून बघितलं आणि ती आपल्या कामाला लागली. त्यांचं छान चाललं होतं. त्यांना त्याची काही गरज नव्हती. सयाजीला मनापासून बरं वाटलं, आणि इतकं एकटं वाटलं की तो चहा करायचाच विसरला.

दहा वाजता विनीतचा फोन आला. मागून कुकरची शिट्टी, टीव्ही, सेजलचं रडणं, रेश्माचं तिला गप्प करणं. सयाजीने डोळे मिटून ते सगळं ऐकलं. एवढंच तर पाहिजे होतं त्याला.

"बाबा, बोललो मी रेश्माशी," विनीत म्हणाला. पाठ केलेलं असावं असं एका दमात म्हणाला. "करू आम्ही ॲडजस्ट. पलंग तुम्हालाच. पुढच्या शनिवारी मित्राची गाडी मिळतेय, न्यायला येतो. सामान जास्त नका घेऊ, बाकी काही टेन्शन नाही."

"नको रे," सयाजी म्हणाला.

"अं?"

"नको म्हणतो. हितंच बरा हाय मी. कापड्याला जाऊन-येऊन आसतो, भाताची कापणी सरली, आता नाचणी निघंल. तुमी सुट्टीला या. पोरींना घेऊन या."

शब्द त्याने काल रात्री जुळवून ठेवले होते आणि ते खरेच होते. त्याला खरोखर जायचं नव्हतं, म्हणजे जायचं होतं, पण जाणार नव्हता. यात कुठे लपंडाव नव्हता. तरी अंगात मुरलेली रीत अशी सहज जात नाही. त्याच्या गावाकडे कोणी जेवायला बोलावलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, आणि तिसऱ्या आग्रहाला पाट ओढून बसायचं. बोलावणाराही हे धरूनच चालतो. एका नकोवर जो गप्प बसतो त्याला गावात माणूसघाणा म्हणतात. सयाजीने दुसरा नको तोंडात तयार ठेवला होता. तिसराही. तिसऱ्यालाही तो बसणार नव्हता, हे त्याने स्वतःशी पक्कं केलं होतं. फोन कानाला घट्ट धरून तो वाट बघत राहिला. पलीकडे टीव्हीचा आवाज कोणीतरी कमी केला.

"बरं," विनीत म्हणाला.

लगेच म्हणाला. का म्हणून विचारलं नाही. आणि त्यानंतर विनीत बोलायला लागला. ऑफिसातल्या साहेबाचं सांगितलं, त्याने साहेबाची नक्कलसुद्धा केली. सेजलचा पुढचा दात पडला आणि तिने तो पावडरच्या डबीत ठेवलाय, ते सांगितलं. सलोनीचं गॅदरिंग, सोसायटीतलं पाण्याचं भांडण, त्याचं स्वतःचं पित्त, जे तो इतके दिवस बोलला नव्हता. मध्येच खो-खो हसला. तसा तो कॉलेजात असताना हसायचा, आई असताना. गेल्या दोन वर्षांत प्रत्येक फोनला विनीतच्या बोलण्यात काहीतरी आखडलेलं असायचं, जपून पाय टाकल्यासारखं. ते आज नव्हतं. अर्धा तास झाला. रेश्मानेही फोन घेतला, गुडघा कसा आहे विचारलं, तेल पाठवते म्हणाली, आणि तिच्या आवाजात त्याला पहिल्यांदाच एक लहान मुलगी ऐकू आली. सयाजी "हं" म्हणत होता, "आसं का" म्हणत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्याला सदऱ्याच्या बाहीला पुसावं लागत होतं.

"बाबा," विनीत शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला, "तुमची खूप आठवण येते हो."

ते खरं होतं. बापाला तेवढं कळतं. विनीत अगदी मनापासून बोलत होता.

"मला पन," सयाजी म्हणाला, आणि तापलेला फोन त्याने दुसऱ्या कानाला लावला.